श्रोतृवर्गाचा विस्तार आणि शैलीचे स्थित्यंतर : ब्लूज व गोंधळ यांच्या संदर्भात

१. प्रश्नाचे स्वरूप

एखादा तरुण कलावंत लहानशा, परस्परांस ओळखणाऱ्या श्रोत्यांपुढे वाढतो. त्यांच्या बोलीत तो गातो आणि त्यांच्या पसंती-नापसंतीवर त्याची कला घडत जाते. पुढे त्याला अफाट व अनोळखी असा श्रोतृसमुदाय लाभतो. अशा वेळी त्याच्या कलेत काय बदलते आणि काय टिकून राहते? रसिकांच्या बोलण्यात या प्रश्नाची दोन ठराविक उत्तरे ऐकू येतात. एक पक्ष म्हणतो, 'तो बाजारी झाला'. दुसरा म्हणतो, 'त्याने आपली कला जगापुढे नेली'. ही दोन्ही उत्तरे निवाड्याच्या स्वरूपाची आहेत. निवाडा देण्यापूर्वी वर्णन करावयास हवे, आणि त्या वर्णनाची साधने भाषाशास्त्राजवळ आहेत, असे प्रस्तुत लेखात दाखवावयाचे आहे.

त्यासाठी दोन परंपरा विचारार्थ घेतल्या आहेत. पहिली अमेरिकेतील ब्लूज या गानप्रकाराची. या परंपरेतील तरुण गिटारवादक रॉक संगीताच्या विशाल श्रोतृवर्गाकडे कसे वळले, याची नोंद ध्वनिमुद्रिकांच्या रूपाने उपलब्ध असल्यामुळे स्थित्यंतराचे टप्पे स्पष्ट पाहता येतात. दुसरी परंपरा आपल्या परिचयाची, म्हणजे गोंधळाची. जिंतूर आणि एकंदर परभणी जिल्ह्यात गोंधळ हा आजही कुळाचार आहे. त्याच वेळी त्याचे सूर व ताल रंगमंचावर आणि चित्रपटात पोहोचले आहेत. वरवर पाहता या दोन परंपरांत काहीच साम्य नाही. परंतु दोहोंची उभारणी हाक आणि साद यांवर झालेली आहे, आणि हाच धागा या विवेचनाला पुरेसा आहे.

२. ब्लूजची रचना

ब्लूज हा अमेरिकेच्या दक्षिण भागातील आफ्रिकी-अमेरिकी समाजात एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस व विसाव्या शतकाच्या आरंभी आकारास आलेला गानप्रकार होय. त्याच्या रूढ बांधणीत बारा मात्रासमूह असतात व त्यांचे चार-चारांचे तीन खंड पडतात. गीताचे कडवे तीन ओळींचे असते. पहिली ओळ गावयाची, दुसऱ्या खंडात तीच पुन्हा गावयाची, आणि तिसऱ्या ओळीत तिला उत्तर द्यावयाचे, असा हा क्रम आहे. जात्यावरच्या ओवीत एकीने ओळ धरावी आणि दुसरीने ती उचलून घ्यावी, या रीतीची येथे आठवण होते.

स्वरांच्या बाबतीत ब्लूजचे वैशिष्ट्य असे की, गंधार व निषाद हे स्वर शुद्ध आणि कोमल यांच्या दरम्यान कोठेतरी डोलत राहतात. गिटारवादक तार बोटाने ओढून हा स्वर साधतो. सतारीवरील मींड ज्यांनी ऐकली आहे त्यांना ही क्रिया परकी वाटणार नाही.

तथापि शैलीविचाराच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची गोष्ट निराळीच आहे. गीताची ओळ आपला चार मात्रासमूहांचा खंड पूर्णपणे व्यापीत नाही. ती साधारणपणे अर्ध्यावर किंवा त्याच्या किंचित पुढे संपते आणि उरलेली जागा मोकळी राहते. या मोकळ्या जागेत वाद्य उत्तर देते, आणि श्रोतेही उत्तर देतात. श्रोत्याचा हुंकार, त्याचे मध्येच बोलणे, हे मूळ प्रयोगात व्यत्यय म्हणून गणले जात नाही. ते रचनेनेच राखून ठेवलेले स्थान आहे. ब्लूजचे व्याकरण शोधावयाचे तर ते या रिकाम्या जागेत शोधावे लागेल.

आरंभी हे संगीत एका समाजापुरते होते. १९२० मध्ये मॅमी स्मिथ या गायिकेच्या ध्वनिमुद्रिकेला मोठा खप लाभल्यानंतर कंपन्यांनी आफ्रिकी-अमेरिकी ग्राहकांसाठी स्वतंत्र मालिका काढल्या. त्यांना वंशवाचक नाव होते. ते व्यापारी पत्रांतील क्रमवारीतही रूढ होते आणि १९४९ मध्ये 'बिलबोर्ड' या पत्राने ते बदलून 'ऱ्हिदम अँड ब्लूज' असे केले. याचा अर्थ असा की, श्रोता कोण, हे गीताच्या वेष्टनावरच ठरविलेले होते.

श्रोत्यांची वस्ती बदलली तेव्हा साधनही बदलले. मडी वॉटर्स हा गायक-वादक १९४३ मध्ये मिसिसिपी राज्यातून शिकागोस आला. तेथील गजबजलेल्या मद्यगृहांत साध्या गिटारीचा आवाज ऐकू जाईना, म्हणून त्याने विद्युत गिटार हाती घेतली. येथे श्रोता त्याच समाजातला, बहुशः त्याच्यासारखाच गाव सोडून आलेला होता. म्हणून वाद्य बदलले तरी हाक व साद यांचे नाते अबाधित राहिले. साधनातील बदल आणि शैलीतील बदल एकच मानू नयेत, हे या उदाहरणावरून ध्यानात येते.

३. श्रोत्यांची वर्गवारी

न्यूझीलंडचे भाषाशास्त्रज्ञ ॲलन बेल यांनी १९८४ मध्ये एक सिद्धांत मांडला. त्यास मराठीत 'श्रोतृसापेक्ष शैली' असे म्हणता येईल. वेलिंग्टन येथील दोन रेडिओ केंद्रांवर तेच वृत्तनिवेदक बातम्या वाचीत असत. एक केंद्र राष्ट्रीय होते व दुसरे स्थानिक लोकांसाठी होते. जागा तीच, मजकुराचा प्रकार तोच, वाचणारी व्यक्ती तीच. परंतु दोन स्वरांमध्ये येणाऱ्या 'ट' या व्यंजनाचा उच्चार केंद्रानुसार बदलत असल्याचे बेल यांना आढळले. स्थानिक केंद्रावर तो शिथिल होऊन 'ड'कडे झुकत असे. बदललेली गोष्ट एकच होती, ती म्हणजे ऐकणारा. यावरून बेल यांनी असा निष्कर्ष काढला की, वक्त्याची शैली मूलतः श्रोत्याला दिलेला प्रतिसाद असते.

बेल यांनी श्रोत्यांच्या पायऱ्या कल्पिल्या आहेत. ज्याला उद्देशून बोलणे चालते तो संबोधित श्रोता. जो बैठकीत रीतसर सहभागी आहे परंतु ज्याला उद्देशून बोलणे नाही, तो उपस्थित श्रोता. ज्याच्या कानी शब्द पडतात हे वक्त्याला ठाऊक असते, परंतु ज्याला बैठकीत स्थान नसते, तो पार्श्वश्रोता. आणि ज्याचे अस्तित्वच वक्त्याला ठाऊक नसते तो अज्ञात श्रोता. वक्त्याच्या शैलीवर या चौघांचा प्रभाव उतरत्या क्रमाने पडतो.

यांखेरीज बेल यांनी आणखी एक गोष्ट सांगितली आहे. कधीकधी वक्ता समोर नसलेल्या एखाद्या गटाला आदर्श मानून त्याच्यासारखे बोलू लागतो. या गटाला आपण 'आदर्शगट' म्हणू. शहरी व्यासपीठावरून ग्रामीण ढंगात बोलणारा वक्ता किंवा खेड्यात मुद्दाम पुस्तकी मराठी बोलणारा वक्ता ही याची परिचित उदाहरणे होत.

ही वर्गवारी हाती घेतली म्हणजे आपल्या मूळ प्रश्नाची मांडणी बदलते. श्रोतृवर्ग विस्तारला, असे आपण म्हणतो तेव्हा केवळ संख्या वाढलेली नसते. श्रोत्यांच्या जागांची अदलाबदल झालेली असते. नवा श्रोता संबोधित स्थानी आला तर जुना श्रोता कोठे गेला, हा खरा प्रश्न आहे.

४. दोन तरुण वादक

इंग्लंडचा एरिक क्लॅप्टन (जन्म १९४५) हा 'यार्डबर्ड्स' या वृंदात गिटार वाजवीत असे. लंडनच्या छोट्या क्लबांत ब्लूज वाजविणारा हा वृंद होता. १९६५ च्या मार्च महिन्यात या वृंदाचे 'फॉर युअर लव्ह' हे गीत प्रसिद्ध झाले. त्यात ब्लूजची बांधणी नव्हती, आणि त्याचा रोख उघडपणे तरुणांच्या सार्वत्रिक आवडीकडे होता. गीत लोकप्रिय होत असतानाच, वयाची वीस वर्षे पूर्ण होण्याच्या सुमारास, क्लॅप्टनने तो वृंद सोडला व जॉन मेयॉल यांच्या ब्लूज वाजविणाऱ्या वृंदात प्रवेश केला.

हा नकार तत्त्वनिष्ठ होता, असे वर्णन नेहमी केले जाते. परंतु भाषाशास्त्राच्या दृष्टीने त्यात एक गुंतागुंत आहे. क्लॅप्टन ज्या श्रोत्यांशी प्रामाणिक राहू पाहत होता, ते मिसिसिपी वा शिकागो येथील श्रोते त्याच्यासमोर कधी नव्हतेच. त्याचे प्रत्यक्ष श्रोते लंडनचे विद्यार्थी व नोकरदार तरुण होते. ब्लूजची मूळ मंडळी हा त्याचा आदर्शगट होता. ज्याची निष्ठा आदर्शगटाशी असते त्याच्यावर समोरच्या श्रोत्याचे दडपण एका अर्थी कमी असते. कारण तो आदर्शगट उत्तर देण्यासाठी तेथे हजर नसतो.

पुढे १९६६ मध्ये क्लॅप्टनने जॅक ब्रूस व जिंजर बेकर यांच्यासह 'क्रीम' हा वृंद स्थापन केला आणि त्यास रॉकचा प्रचंड श्रोतृवर्ग लाभला. या वृंदाने १९६८ मध्ये प्रत्यक्ष कार्यक्रमात ध्वनिमुद्रित केलेले 'क्रॉसरोड्स' हे गीत रॉबर्ट जॉन्सन या गायकाने १९३६ मध्ये टेक्सास राज्यात मुद्रित केलेल्या गीतावर आधारलेले आहे. दोन्ही मुद्रणे लागोपाठ ऐकल्यास स्थित्यंतर नेमके कोठे झाले ते कळते. जॉन्सन एकटाच गातो व वाजवितो. त्याचे मात्रासमूह ठरलेल्या संख्येत बसत नाहीत. शब्दांच्या गरजेप्रमाणे तो खंड लांबवितो वा आखडतो. तिघांच्या वृंदाला असे स्वातंत्र्य परवडत नाही. म्हणून 'क्रीम'ने बारा मात्रासमूहांची चौकट काटेकोर केली, एक ठसठशीत आवर्तनी सुरावट सर्वत्र खेळविली, जॉन्सनच्याच दुसऱ्या एका गीतातील कडवे यात आणून जोडले आणि कडव्यांच्या मध्ये गिटारचे दीर्घ एकल वादन घातले. चौकट राहिली, किंबहुना अधिकच पक्की झाली. परंतु ओळीनंतरची जी मोकळी जागा लवचिक होती, ती ताठर झाली, आणि प्रतिसादाचे काम प्रामुख्याने स्वतंत्र एकल वादनाकडे गेले. पूर्वी जे उत्तर होते ते आता भाषण झाले.

दुसरे उदाहरण अमेरिकेतील स्टीव्ही रे वॉन (१९५४-१९९०) याचे. तो टेक्सासमधील डॅलस येथे जन्मला आणि ऑस्टिन शहरातील क्लबांत घडला. तेथील 'अँटोन्स' या १९७५ मध्ये सुरू झालेल्या क्लबात मडी वॉटर्स, अल्बर्ट किंग यांसारखे ज्येष्ठ कलावंत येत असत. म्हणजे क्लॅप्टनचा आदर्शगट दूर होता, तर वॉनच्या बाबतीत तो समोर बसून ऐकत असे व प्रसंगी त्याच्याबरोबर वाजवीत असे.

१९८२ च्या जुलैमध्ये स्वित्झर्लंडमधील माँत्रे येथील महोत्सवात वॉनच्या वादनाला काही श्रोत्यांनी उघड नापसंती दर्शविली. परंतु त्याच प्रसंगामुळे डेव्हिड बोवी व जॅक्सन ब्राउन या दोन प्रथितयश गायकांचे लक्ष त्याच्याकडे वेधले. बोवी यांनी त्याला आपल्या 'लेट्स डान्स' (१९८३) या ध्वनिमुद्रिकेत वाजविण्यास बोलावले, तर ब्राउन यांनी आपला ध्वनिमुद्रण कक्ष त्याला उपलब्ध करून दिला. 'लेट्स डान्स' हे नृत्याच्या ठेक्याचे गीत आहे. त्यात वॉनने अल्बर्ट किंगच्या वळणाच्या स्वरावली वाजविल्या. भाषाशास्त्राच्या परिभाषेत बोलावयाचे तर परक्या वाक्यरचनेत ब्लूजचे शब्द उसने घातले गेले. वॉनला हे सहज जमले आणि त्यातून अगणित नवे श्रोते त्याला लाभले.

यानंतर बोवी यांच्या जगप्रवासात सामील होण्याची संधी त्याने नाकारली आणि १९८३ च्या जूनमध्ये आपल्याच वृंदाची 'टेक्सास फ्लड' ही ध्वनिमुद्रिका प्रसिद्ध केली. तिचे शीर्षकगीत लॅरी डेव्हिस या गायकाचे १९५८ मधील विलंबित ब्लूज आहे. त्यात वॉनने ओळ आणि उत्तर यांची जुनी योजना जशीच्या तशी ठेवली. बदलला तो स्वराचा जोर, ध्वनीची घनता आणि वाजविण्याचा आवेग. रॉकच्या श्रोत्याला हा आवेग परिचित होता. म्हणजे वॉनने नव्या श्रोत्याला उच्चार दिला आणि जुन्या श्रोत्याचे व्याकरण राखले.

या दोन उदाहरणांवरून असे दिसते की, 'शुद्ध' आणि 'बाजारी' ही जोडी वर्णनास अपुरी आहे. नकार देणाऱ्या क्लॅप्टनच्या हातून पुढे मूळ रचना अधिक बदलली, आणि लोकप्रिय गीतात वाजविण्यास तयार झालेल्या वॉनने ती अधिक जपली.

५. उच्चाराची साक्ष

ब्रिटिश भाषाशास्त्रज्ञ पीटर ट्रडगिल यांनी १९८३ मध्ये ब्रिटिश लोकप्रिय गायकांच्या उच्चारांचा अभ्यास प्रसिद्ध केला. बोलताना इंग्लंडमधील धाटणीने बोलणारे हे गायक गाताना अमेरिकी वळण घेत. शब्दाच्या अखेरचा 'र' उच्चारणे हे त्याचे एक लक्षण होय. बीटल्सच्या ध्वनिमुद्रिकांत हे अमेरिकी वळण १९६३ पासून १९६९ पर्यंत कमी होत गेल्याचे ट्रडगिल यांनी दाखविले आहे. अमेरिकेवर ब्रिटिश वृंदांचा प्रभाव प्रस्थापित झाल्यावर गायकांना उसन्या उच्चाराची गरज उरली नाही.

ट्रडगिल यांचा आणखी एक मुद्दा येथे उपयोगी आहे. अनुकरण करणाऱ्याला आदर्शगटाच्या बोलीचे नियम पूर्णपणे अवगत नसतात, म्हणून तो काही ठिकाणी अतिरेक करतो व जेथे 'र' नाही तेथेही तो उच्चारतो. संगीतातही असेच घडते. ब्लूज शिकलेला परका वादक पुष्कळदा मोकळी जागा मोकळी ठेवीत नाही; सर्व खंड स्वरांनी भरून टाकतो. शब्दसंग्रह शिकता येतो. कोठे थांबावयाचे हे समूहात वावरल्यावाचून कळत नाही.

६. जुन्या श्रोत्याचे स्थान

या सर्व घडामोडींत मूळ परंपरेतील ज्येष्ठ कलावंतांचे काय झाले? बी. बी. किंग (१९२५-२०१५) यांचे उदाहरण बोलके आहे. गायची ओळ स्वतः गावयाची आणि तिचे उत्तर गिटारीकडून वदवावयाचे, ही त्यांची रीत होती. ते गाताना वाजवीत नसत आणि वाजविताना गात नसत. वर्षानुवर्षे ते आफ्रिकी-अमेरिकी वस्त्यांतील नाट्यगृहांत कार्यक्रम करीत आले होते. १९६० नंतरच्या दशकात त्या समाजातील तरुण पिढी 'सोल' संगीताकडे वळू लागली. १९६७ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या 'फिलमोर' सभागृहात किंग गेले तेव्हा समोर बहुसंख्य गोरे तरुण होते, आणि ते उठून उभे राहिले. पुढे १९६९ मध्ये किंग यांनी 'द थ्रिल इज गॉन' हे गीत तंतुवाद्यांच्या साथीने मुद्रित केले आणि ते अमेरिकेच्या सर्वसाधारण क्रमवारीत पंधराव्या स्थानापर्यंत गेले.

किंग यांना मिळालेला मान न्याय्यच होता. परंतु श्रोत्यांच्या जागा पाहिल्या तर असे दिसते की, रॉकचा श्रोता संबोधित स्थानी आला आणि ज्या समाजाने हे संगीत घडविले तो हळूहळू पार्श्वश्रोता झाला. परंपरा टिकली, तिच्या घरच्यांची जागा मात्र बदलली. हा व्यवहार आपल्याकडे घडत असेल तर तो आताच ओळखणे अगत्याचे आहे.

७. गोंधळ : अंगणातील व रंगमंचावरील

मराठवाड्यात लग्नादी मंगलकार्यानंतर कुलदेवतेचा गोंधळ घालण्याची चाल आहे. येथील बहुतेक कुळांची दैवते तुळजापूरची भवानी किंवा माहूरची रेणुका ही होत, आणि गोंधळ्यांतही कदमराई व रेणुराई असे दोन भेद मानले जातात. अंगणात चौक मांडला जातो, दिवटी पेटविली जाते. संबळ, तुणतुणे व झांज ही वाद्ये असतात. मुख्य गोंधळी, म्हणजे नाईक, पद म्हणतो आणि त्याचे साथीदार झील धरतात. आरंभी निरनिराळ्या क्षेत्रांच्या देवतांना गोंधळास येण्याचे आवाहन होते. उत्तरार्धात आख्यान लागते. त्यात साथीदार मध्येच प्रश्न विचारतो, शंका काढतो, विनोद करतो, आणि कथा पुढे सरकते. घरची मंडळी 'उदो'चा गजर करतात.

बेल यांच्या वर्गवारीत हा प्रयोग बसवू गेल्यास एक नवीन गोष्ट आढळते. येथील संबोधित श्रोता कुलदेवता आहे. तिला नावाने व ठिकाणाने हाक मारलेली असते. यजमान व त्याचे कुटुंब हे उपस्थित श्रोते होत, आणि गावातील इतर मंडळी पार्श्वश्रोते. गोंधळी यजमानाच्या वतीने देवतेशी बोलतो, म्हणून उपस्थित श्रोत्याने गजर करून त्या बोलण्याला संमती देणे आवश्यक ठरते. ब्लूजमधील मोकळ्या जागेचे कार्य येथे झील व गजर करतात. झीलकरी हा केवळ साथ करणारा नसतो. नाईकाने मारलेली हाक समूहाच्या वतीने उचलणारा तो प्रतिनिधी असतो.

रंगमंचावर हा प्रयोग जातो तेव्हा काय होते? शाहीर साबळे (१९२३-२०१५) यांनी 'महाराष्ट्राची लोकधारा' या कार्यक्रमाद्वारे गोंधळासह अनेक लोकप्रकार शहरी प्रेक्षकांपुढे नेले. त्यांच्या या कार्याने एका मोठ्या मध्यमवर्गीय समाजाला या प्रकारांची ओळख झाली, हे निर्विवाद आहे. परंतु रंगमंचावर रात्रभराचा विधी काही मिनिटांचा होतो, आवाहन प्रास्ताविकापुरते उरते आणि आख्यान वगळले जाते. संबोधित श्रोता तिकीट काढून आलेला प्रेक्षक असतो आणि देवता ही वर्ण्यविषय होते. मध्यम पुरुषाचे तृतीय पुरुषात रूपांतर होणे, असे या बदलाचे व्याकरणिक वर्णन करता येईल. ज्या देवीला 'ये' म्हणावयाचे, तिच्याविषयी आता 'ती येते' असे सांगावयाचे असते. शब्द तेच राहिले तरी त्यांचा रोख बदलतो.

८. चित्रपट आणि भाषांतर

अजय व अतुल गोगावले या बंधूंची कारकीर्द या दृष्टीने अभ्यसनीय आहे. पुणे जिल्ह्यातील गावांत बालपण गेलेल्या या दोघा तरुणांनी 'सावरखेड एक गाव' (२००४) या चित्रपटात गोंधळाच्या घाटाचे गीत केले. 'जोगवा' या चित्रपटाच्या संगीतासाठी त्यांना २००८ या वर्षाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. 'अग्निपथ' (२०१२) सारख्या चित्रपटांतून हिंदी श्रोतृवर्गही त्यांच्या पुढे आला आणि 'सैराट' (२०१६) च्या संगीतासाठी त्यांनी हॉलिवूडमधील ध्वनिमुद्रण कक्षात पाश्चात्त्य वाद्यवृंद वापरला. बी. बी. किंग यांनी तंतुवाद्ये घेतली, त्याच्याशी ही पायरी ताडून पाहण्याजोगी आहे.

या प्रवासातील एक उदाहरण भाषाशास्त्राच्या विद्यार्थ्यास विशेष उद्बोधक वाटेल. 'जत्रा' (२००५) या चित्रपटातील 'कोंबडी पळाली' या गीताची चाल या बंधूंनी 'अग्निपथ'मध्ये 'चिकनी चमेली' या हिंदी गीतासाठी पुन्हा योजिली. दोन्ही मुखड्यांच्या आरंभीच्या शब्दांचे वजन तपासावे. लेखनात 'कोंबडी' या शब्दात तीन अक्षरे असली तरी बोलण्यात मधल्या 'ब'मधील अकार लोप पावतो आणि 'कोंब्-डी' अशी दोन गुरू अक्षरे होतात. 'पळाली' म्हणजे लघु, गुरू, गुरू. 'चिकनी'मध्येही अकाराचा लोप होऊन 'चिक्-नी' अशी दोन गुरू अक्षरे होतात, आणि 'चमेली' पुन्हा लघु, गुरू, गुरू. वजन तंतोतंत तेच आहे. शब्द बदलले, भाषा बदलली; पद्यरचनेचा सांगाडा जागचा हलला नाही.

आता काय गळाले ते पाहावे. मराठी मुखड्यात परसदारातील एक ओळखीचा प्रसंग आहे, एक क्रियापद आहे, म्हणजे काहीतरी घडले आहे. हिंदीत विशेषण व नाम आहे. घटना जाऊन वर्णन आले आहे. दुसरे असे की, मराठी गीत आनंद शिंदे व वैशाली सामंत यांनी मिळून गायिले होते. आनंद शिंदे हे प्रल्हाद शिंदे यांचे चिरंजीव. भक्तिगीते, भीमगीते व कव्वाली यांच्या ज्या परंपरेत हा आवाज घडला, तिच्यात हाक देणे व साद घेणे हा रोजचा व्यवहार आहे. हिंदी गीत एकट्या श्रेया घोषाल यांचे आहे. विस्तार होताना दोन आवाजांचा संवाद एका आवाजाच्या प्रदर्शनात परिणत झाला, ही गोष्ट 'क्रीम'च्या एकल वादनाशी जुळणारी आहे.

याउलट 'सैराट'मधील 'झिंगाट' हा शब्द 'धडक' (२०१८) या हिंदी चित्रपटातील गीतात तसाच ठेवला गेला. मराठीत 'झिंगणे' या धातूपासून तो बनला आहे, आणि 'सुसाट', 'भन्नाट', 'मोकाट' या शब्दांच्या रांगेत तो मराठी भाषकाच्या कानाला अर्थासकट बसतो. हिंदी श्रोत्याजवळ ही रांग नाही. त्याच्या दृष्टीने 'झिंगाट' हा अर्थवाही शब्द नसून एका उल्हासाचे नाव आहे. शब्द टिकला, परंतु त्याची व्युत्पत्ती सीमेवरच राहिली. परक्या गीतात ब्लूजची स्वरावली ज्या तऱ्हेने वावरते, त्याच तऱ्हेने हा शब्द तेथे वावरतो.

९. उपसंहार

वरील विवेचनाचा सारांश असा सांगता येईल. श्रोतृवर्ग विस्तारताना कलेचे तीन थर निरनिराळ्या गतीने बदलतात. पहिला थर शब्दांचा व उच्चाराचा. तो सर्वांत आधी बदलतो आणि त्याच्या बदलाने लोक सर्वांत अधिक हळहळतात. दुसरा थर रचनेचा. तो चिवट असतो, कित्येकदा भाषांतरातही अभंग राहतो. तिसरा थर श्रोत्याच्या वाट्याला येणाऱ्या जागेचा. तो निमूटपणे बदलतो आणि त्याची दखल क्वचितच घेतली जाते. माझ्या मते कस लावावयाचा तो या तिसऱ्या थरावर. जेथे उत्तर देण्याची जागा शाबूत आहे तेथे परंपरा विस्तारली असे म्हणावे. जेथे ती जागा बुजली तेथे परंपरेचा अलंकार झाला असे म्हणावे, मग शब्द कितीही जुने असोत.

हा प्रश्न केवळ सौंदर्यशास्त्राचा नाही. अंगणातील गोंधळी आणि त्याचे यजमान यांच्यातील नाते पिढ्यान्पिढ्यांचे असते. गोंधळ्याचा मान व निर्वाह त्या नात्यावर उभा असतो. प्रेक्षकाशी असे नाते जडत नाही. श्रोत्याची जागा बदलते तेव्हा कलावंताच्या उपजीविकेचा आधारही बदलतो. मराठवाड्यातील लोककलावंतांच्या जीवनाचा व भाषेचा अभ्यास डॉ. प्रभाकर मांडे यांनी केला, त्यामागे कला आणि कलावंताचे समाजातील स्थान यांस एकत्र पाहण्याची हीच दृष्टी होती.

जिंतूर परिसरात हा अभ्यास आजही प्रत्यक्ष करता येण्याजोगा आहे. एकाच गोंधळी मेळाची दोन मुद्रणे घ्यावीत, एक पूर्णेकाठच्या एखाद्या गावातील कुळाचाराच्या वेळचे आणि दुसरे सार्वजनिक व्यासपीठावरील. दोहोंत चार गोष्टी मोजाव्यात. देवतेला उद्देशून आलेली मध्यमपुरुषी क्रियापदे किती, हे प्रथम पाहावे. दुसरे, झीलकऱ्याने किती वेळा प्रश्न केला व किती वेळा केवळ पुनरुक्ती केली. तिसरे, श्रोत्यांचा गजर कोणत्या ठिकाणी आला. चौथे, आख्यानाच्या गद्यात 'करायलाय' यासारखी मराठवाडी रूपे किती आली व 'करीत आहे' यासारखी प्रमाण रूपे किती. शैलीचे स्थित्यंतर झाले की नाही, याचे उत्तर या चार आकड्यांतून मिळेल. मोजणी करताना गोंधळ्याला कोणीही 'बाजारी' वा 'अस्सल' असे म्हणण्याची घाई करू नये. तो कोणाशी बोलत आहे आणि त्याला उत्तर कोण देत आहे, एवढेच आधी ऐकावे.